माझ्या पहिल्या शोधनिबंधातली मेंढी

निवृत्त होताना आमच्या संस्थेने माझ्या शोधनिबंधांची यादी मागितली. ती नीट टंकून घेण्याचं काम मेधा या माझ्या तरुण सहकारिणीने आपणहून घेतलं. अशा याद्या उलट्या लिहितात, नवं वर आणि जुनं खाली. मेधा वाचत वाचत अगदी तळाला आली आणि थांबली.

"सर, ही नोंद काढून टाकू का?"

"का?"

"बाकी सगळं प्रतिकारशक्तीचं, पेशींचं, जनुकांचं आहे. हे दीड पानी टिपण मेंढ्यांबद्दल आहे. आणि खाली पत्ता शिरवळच्या हायस्कुलचा. तुमच्या नावाच्या दुसऱ्या कुणाचं चुकून आलंय बहुतेक."

"माझंच आहे. बाकीचं काढलंस तरी चालेल, ते राहू दे."

तिला ती थट्टा वाटली. म्हणून हे लिहितो आहे.

मी खंडाळा तालुक्यातल्या एका लहान गावचा. वडील पलटणीतून हवालदार होऊन परत आलेले, आई शेतात. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. शिरवळला शाळा, साताऱ्याला कॉलेज, आणि मग सत्तरच्या दशकात सांगलीला एका दवाखान्याला जोडलेल्या छोट्या प्रयोगशाळेत संशोधन सहायकाची तात्पुरती जागा. या प्रत्येक पायरीवर कुणी ना कुणी हात दिला म्हणून मी तिथवर पोचलो, हे मी कधी विसरलो नाही.

सुट्टीत घरी गेलो की आई विचारायची, "दवाखान्यात हाईस, मग डाक्टर न्हाईस व्हय?"

"न्हाई."

"मग काय करतोस तितं?"

"रक्त बघतो."

"बगून काय हुतं?"



प्रयोगशाळेचे प्रमुख दिवेकर सर. उंच, किरकोळ, आवाज कधी न चढवणारे. त्यांची एक पद्धत होती. आम्ही काहीही लिहून दिलं की ते एकेक वाक्य मोठ्याने वाचत आणि प्रत्येक वाक्यानंतर विचारत, "कशावरून?" उत्तर देता आलं तर वाक्य राही, नाही तर जाई. पहिल्या महिन्यात माझ्या चार पानांतल्या सहा-सात ओळीच उरल्या. "शोधनिबंध म्हणजे दुसरं काही नाही," ते म्हणायचे, "ज्या वाक्यांवर कशावरून विचारलं तरी ती जागेवर उभी राहतात, तेवढीच वाक्यं."

काम कुष्ठरोगाचं होतं. कुष्ठरोगाच्या एका प्रकारात शरीराची लढण्याची ताकद खचलेली असते. ही ताकद ज्या पांढऱ्या पेशींत असते त्यातल्या एका जातीला टी पेशी म्हणतात. सूक्ष्मदर्शकात त्या इतर पांढऱ्या पेशींसारख्याच दिसतात. पण त्या काळी एक गमतीशीर गोष्ट नुकतीच कळली होती. माणसाच्या टी पेशी मेंढीच्या रक्तातल्या लाल कणांना चिकटतात. का चिकटतात ते तेव्हा कुणालाच धड माहीत नव्हतं, पण चिकटतात खऱ्या. रात्रभर दोन्ही एकत्र थंडीत ठेवायचं आणि सकाळी बघायचं. मध्ये एक पांढरी पेशी आणि तिच्याभोवती लाल कण, अनारशाला खसखस लागावी तसे. असे अनारसे शंभरात किती, ते मोजायचं. जास्त म्हणजे ताकद चांगली. आज हे काम यंत्र करतं. तेव्हा आमचे डोळे करत.

म्हणजे आम्हाला दर आठवड्याला ताजं मेंढीचं रक्त हवं होतं.

सरांनी जनावरांच्या बाजारातून एक मेंढी घेतली आणि प्रयोगशाळेच्या मागे बांधली. ती दिवसभर ओरडायची. चाऱ्याला तोंड लावीना. बाजूच्या वसतिगृहातली मुलं तक्रार घेऊन आली. शेवटी उसाच्या मोकळ्या रानात बसलेल्या एका धनगराला मी बोलावून आणलं. जतकडचे बिरूमामा. दरवर्षी दिवाळीनंतर ते कळप घेऊन कृष्णाकाठी यायचे, शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचे आणि पावसाच्या तोंडाला परत पूर्वेला जायचे. त्यांनी मेंढीकडे एकदाच पाहिलं.

"आवं सायेब, एकल्या मेंढीला घास उतरत न्हाई. तुमाला एकल्याला कोंडून जेवाया वाढलं तर तुमी जेवाल व्हय?"

"मी तर एकटाच जेवतो, मामा. खोलीवर."

"म्हून तर हाडं दिसाय लागल्यात."

असा सौदा ठरला की मेंढी आमची, पण राहील त्यांच्या कळपात. लोकर आणि कोकरं त्यांची, रक्त आमचं. तिच्या कपाळावर पांढरा चट्टा होता म्हणून मामांनी तिचं नाव चांदी ठेवलं. सरांनी सांगलीच्या पेठेतून एक पितळी घंटी आणली आणि तिच्या गळ्यात बांधली, म्हणजे एवढ्या मेंढ्यांत आमची कोणती ते आम्हाला कळावं.

त्यानंतर दर आठवड्याला मी सायकलवरून कळप जिथे असेल तिथे जाई. मामा घंटीवाल्या मेंढीचं तोंड काखेत दाबून धरत, मी मानेची शीर शोधून बाटलीत रक्त घेई. रक्त गोठू नये म्हणून बाटलीत साखर आणि क्षाराचं पाणी घातलेलं असे. पावसाळ्यात एसटीने जतला जायचं आणि बर्फाच्या कारखान्यातून घेतलेल्या भुश्शातल्या बर्फात बाटली ठेवून परत यायचं. एसटीत शेजारचा विचारी, "डब्यात काय हाय?" मी "औषध" म्हणे. "रक्त" म्हटल्यावर एकदा कंडक्टरने मला मागच्या बाकावर पाठवलं होतं.

पहिल्या वर्षी आम्ही रुग्णांची आणि निरोगी माणसांची मोजणी केली. निरोगी म्हणजे वसतिगृहातले विद्यार्थी, सर आणि मी. रुग्णांच्या अनारशांची संख्या आमच्यापेक्षा बरीच कमी भरली. तसंच व्हावं अशी अपेक्षा होती. रुग्णांना गोळ्या सुरू होत्याच. वर्षभराने त्याच रुग्णांची पुन्हा मोजणी केली. संख्या वाढायला हवी होती. ती आणखी निम्म्याने घटली होती.

मी पुन्हा मोजलं. सरांनी स्वतः मोजलं. घटलेलीच.

हा मोठा निष्कर्ष होता. त्याचा अर्थ असा की गोळ्यांनी जंतू मरत असतील, पण माणसाची स्वतःची ताकद वाढण्याऐवजी खचते. रुग्णांच्या वसाहतीत एक आक्का होत्या. हाताची बोटं आखडलेली, जीभ मात्र तिखट. रक्त द्यायला सगळ्यांत पुढे त्याच असायच्या. त्यांनी एकदा सरळ विचारलं, "काय म्हंतंय माजं रगत?"

"बघतोय अजून."

"बगतोय म्हंजे उतरलंय. मी काय खुळी न्हाई. मग त्या गोळ्या खाऊन काय उपेग? तोंड कडू हुतं ते येगळंच."

"गोळ्या सोडू नका आक्का. आमचं ठरलं नाही अजून."

"तुमचं ठरलं की सांगा. तवर खाते."

वसाहतीतल्या बऱ्याच जणांना गोळ्या सोडायला एवढंसं कारण पुरलं असतं. आणि आम्ही ते कारण छापायला निघालो होतो.

सरांनी निबंधातलं ते वाक्य तीनतीनदा मोठ्याने वाचलं. "कशावरून?" मी आकडे दाखवले. त्यांना उत्तर मिळत होतं, पण समाधान होत नव्हतं. तरी आकडे आकडेच होते. निबंध परदेशातल्या एका मासिकाला पाठवला. निबंध मासिकाकडे गेला की तो आधी त्या विषयातल्या दोन परक्या जाणकारांना वाचायला देतात. ते कोण, हे लेखकाला कळत नाही. त्यांनी हिरवा कंदील दाखवला तरच छापतात.

माझ्या जागेची मुदत मार्चअखेर संपत होती. ती वाढवायची तर निवड समितीला माझ्या नावाचा निदान एक स्वीकारलेला निबंध हवा होता. मी रोज टपालाची वाट बघत होतो.

उत्तर आलं. एका जाणकाराने कौतुक केलं होतं. दुसऱ्याने एकच प्रश्न विचारला होता. वर्षाने रुग्णांची मोजणी केली तेव्हा निरोगी माणसांचीही पुन्हा केली होती का? केली असल्यास तसं एक वाक्य घालावं, निबंध छापू.

आम्ही केली नव्हती. विद्यार्थी परीक्षा देऊन गावोगाव गेले होते, आणि निरोगी माणसाचं वर्षात काय बदलणार, असं वाटलं होतं.

"करून बघू," सर म्हणाले. "चूक माझी आहे. मीच सांगायला हवं होतं. विद्यार्थी गेले, पण तू आणि मी आहोत की."

त्या संध्याकाळी आम्ही एकमेकांचं रक्त काढलं. सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली आधी माझी काचपट्टी ठेवली. माझे अनारसे निम्मे झाले होते. दोन वर्षं मी त्या वसाहतीत उठबस करत होतो. मला एवढं माहीत होतं की हा रोग असा सहजी लागत नाही. तरी मी शर्टाची बाही वर करून कोपरावर एक फिकट डाग आहे का ते बघत होतो.

सरांनी स्वतःची काचपट्टी मोजायला घेतली. मोजून झाल्यावर उठले, खिडकीशी गेले आणि परत आले.

"माझेही निम्मे," ते म्हणाले. "आता एक तर वर्षभरात आपण दोघंही खचलो, नाही तर... मेंढी कशी आहे आपली?"

मी तसाच सायकल घेऊन निघालो. कळप अंकलीच्या बाजूला ऊस तुटलेल्या रानात बसला होता. घंटी ऐकू येत होती. जवळ गेलो आणि पहिल्यांदाच त्या मेंढीची शीर न बघता तोंड बघितलं. कपाळावर चट्टा नव्हता. तोंड काळंभोर होतं.

"मामा, ही आपली मेंढी का?"

"तुमचीच की. घंटी हाय न्हवं गळ्यात."

"चांदी कुठाय?"

मामांनी तंबाखू मळायला घेतली. मग हनुवटीने कळपाच्या कडेला दाखवलं. कपाळावर चट्टा असलेली मेंढी उभी होती आणि तिच्या पोटाखाली एक कोकरू ढुशा मारत होतं.

"आता कोकरू पायावर हाय, तवा सांगाया हरकत न्हाई. चांदी गाभण ऱ्हायली हुती."

"मग मला का नाही सांगितलं?"

"गाभण हाय म्हून तोंडानं बोलत न्हाईत आमच्यात. दीठ लागती. आन गाभण जीवाचं रगत काडू द्यायचं व्हय? तुमी पावसात जतला आला हुता, तवाच घंटी सोडून ह्या मोरीला बांदली. मोरी लय तगडी हाय. चांदीपरीस बाटली लवकर भरती का न्हाई, सांगा."

भरत होती, हे खरं होतं.

"मामा, एका मेंढीचं रक्त दुसरीसारखं नसतं बहुतेक. माझं सगळं काम त्यावर अडलंय."

मामा हसले. "काय तरीच. रगत ते रगत. मेंढरात मेंढरू येगळं असतंय, सोभावानं, चालीनं. ही मोरी खाष्ट, ती चांदी गुणाची. पर रगत समद्यांचं लालच की वो."

मामा आपल्या प्रत्येक मेंढीला अंधारात हात लावून ओळखत. पण रक्त सगळ्यांचं एकच, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. आम्ही रक्तातला बारीकसारीक फरक शोधत होतो, पण मेंढ्या आम्हाला सगळ्या एकच वाटत. प्रत्येकाचं एकेक अज्ञान होतं आणि ती दोन्ही त्या घंटीबरोबर मोरीच्या गळ्यात बांधली गेली होती.

त्या दिवशी मी दोन बाटल्या नेल्या. एकीत चांदीचं रक्त, एकीत मोरीचं. चांदीचं घेताना मामा कोकराला कुरवाळत तिला म्हणत होते, "जरासंच हं बाई, सायेब अडलाय." दुसऱ्या दिवशी मोजलं. तोच मी, तेच माझं रक्त, तीच रात्र. चांदीच्या कणांबरोबर माझे अनारसे पूर्वीएवढे भरले. मोरीच्या कणांबरोबर निम्मे. सरांचंही तसंच. ना आम्ही खचलो होतो, ना आक्का. मेंढी बदलली होती.

मी आणखी एकदा कोपर बघून बाही खाली केली. त्या क्षणी मला बरं वाटलं, आणि लगेच मार्चअखेर आठवली.

"सर, त्यांनी निबंध जवळजवळ स्वीकारलाच आहे," मी म्हणालो. "समितीची बैठक होईपर्यंत थांबून मग कळवलं तर?"

सरांनी मला रागावून उत्तर दिलं नाही. "मुद्रकाच्या हातात गेलेलं वाक्य मागे घेता येत नाही," ते म्हणाले. "त्याच्यापुढे दुसरं छापावं लागतं, आणि ते कुणी वाचत नाही. आणि त्या आक्का गोळ्या खातायत ना अजून?"

"खातायत."

"मग झालं तर."

निबंध मागे घेतल्याचं पत्र त्यांनी मलाच टाइप करायला सांगितलं. समितीसमोर त्यांनी माझ्यासाठी शब्द टाकला, पण समितीजवळ नियम होता आणि माझ्याजवळ निबंध नव्हता. एप्रिलमध्ये मी ट्रंक घेऊन घरी आलो.

वडिलांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मेंढीपायी नोकरी गेली म्हन."

"तसंच म्हणा."

"आमच्या पलटणीत खेचराच्या खुरावर नंबर असायचा. डागलेला. कुनी बदलाया बघितलं तर खुर उचलून दावायचं. तुमी शिकली-सवरलेली मानसं, घंटीवर भरवसा ठेवला?"

हे मी सरांना पत्रात कळवलं. पुढच्या वेळी गेलो तेव्हा चांदीच्या कानात आकड्याचा बिल्ला होता. "हवालदारसाहेबांना सांग," सर म्हणाले, "हुकूम अमलात आला."

पुढच्या वेळी गेलो, कारण मी जात राहिलो. शिरवळच्या माझ्याच जुन्या शाळेत विज्ञान शिकवायची जागा मिळाली, हे मुख्याध्यापकांचे उपकार. शनिवारी शाळा सुटली की सांगलीची एसटी धरायची, रविवारी मोजायचं, आणि सोमवारी घंटेच्या आत परत. चांदीच्या रक्तावर सगळ्या रुग्णांची आणि तितक्याच निरोगी माणसांची मोजणी पुन्हा झाली. त्यात वर्षाहून अधिक काळ गेला. रुग्णांच्या संख्या अगदी सावकाश, पण चढत होत्या. आक्कांना मी ते सांगायला गेलो.

"चढतंय रक्त तुमचं."

"मला ठावं हुतं," त्या म्हणाल्या. "तुमालाच उशीर झाला."

तो निबंध नंतर सरांच्या आणि माझ्या नावाने छापला गेला. यादीत तो खालून दुसरा आहे. पहिलं आहे ते टिपण. सर म्हणाले होते, "ही चूक जगात आणखी कुठे कुठे होत असेल. त्यांना कळायला हवं. तू एकट्याने लिही." टिपणात सांगितलेलं एवढंच होतं की एकाच माणसाची एकाच दिवशी मोजणी केली तरी मेंढी बदलल्यास आकडा बदलतो, म्हणून मेंढी एकच ठेवावी आणि प्रत्येक वेळी निरोगी माणूस बरोबर मोजावा. मी नावाखाली सांगलीचा पत्ता घातला. सरांनी वाचलं आणि विचारलं, "कशावरून?" मग तो खोडून शिरवळच्या हायस्कुलचा घातला. "तू जिथे आहेस तिथला पत्ता. त्यात लाजण्यासारखं काय आहे?"

त्या काळी छायाप्रती सहज निघत नसत. कुणाला निबंध हवा असला की तो लेखकाला छापील कार्ड पाठवून प्रत मागत असे. टिपण छापून आलं आणि शिरवळच्या पोस्टात कार्डं यायला लागली. पोस्टमन वर्गाच्या दारात उभं राहून विचारी, "गुरुजी, ही कुटल्या गावची?" मुलं नकाशा काढून शोधत. भूगोल आपोआप होई. मुख्याध्यापक तिकिटं जमवायचे. ते म्हणाले, "दुसरं काही लिहा हो असंच. माझ्याकडं दक्षिण अमेरिका कमी आहे." मी प्रत्येकाला प्रत पाठवली. त्यातलंच एक कार्ड एका मोठ्या शहरातल्या संशोधन संस्थेचं होतं. त्याच्या मागे हाताने लिहिलं होतं की शाळेत बसून हे काम करणाऱ्याला भेटायला आवडेल. मी भेटायला गेलो आणि तिथेच राहिलो. मेधाने टंकलेल्या यादीतलं बाकीचं सगळं त्यानंतरचं आहे.

जायच्या आधी एक प्रत घेऊन मी बिरूमामांकडे गेलो. शेवटी छापलेले आभार वाचून दाखवले. मेंढ्यांच्या संगोपनाबद्दल श्री. बिरू यांचे आभार, असं इंग्रजीत होतं. मामांनी आपल्या नावावर बोट ठेवून घेतलं.

"आन तिचं न्हाई व्हय?"

"तिचं नाव असं नाही. ए मेंढी आणि बी मेंढी असं लिहिलंय."

"त्यातली चांदी कंची?"

"ए."

"पयली न्हवं?"

"पहिली."

"मग झाक." त्यांनी तो कागद चांदीच्या तोंडासमोर धरला. तिने मान पुढे केली आणि एक कोपरा तोंडात घेतला. मामांनी तो हळूच सोडवून घेतला, धोतराला पुसला आणि घडी घालून पटक्यात खोचला.

"ह्ये खायाचं न्हाई बाई," ते तिला म्हणाले. "ह्याच्यापायी मास्तराची नोकरी गेलीया."